वाघ नाही दिसला तरी

फेब्रुवारीतली गोष्ट आहे. अमेरिकेहून माझी मावसबहीण आली होती, सोबत भाऊजी आणि दहा वर्षांची भाची. पूर्वी नागपूरला पाहुणे आले की दीक्षाभूमी, झिरो माईल, संध्याकाळी फुटाळा आणि जाताना संत्रा बर्फीचा डबा एवढ्यात आपलं भागायचं, आता लोक विमानतळावर उतरल्या उतरल्या जंगलाचं विचारतात. तर ताडोबाचं बुकिंग केलं, उमरेड, भिसी, चिमूर करत आदल्या रात्रीच कोलारा गेटजवळ जाऊन राहिलो आणि पहाटे अंधारातच जिप्सीत बसलो.

आमची गाईड बावीस-तेवीस वर्षांची पोरगी होती. खाकी शर्ट, घट्ट वेणी, गळ्यात जांभळा स्कार्फ. उघड्या गाडीत वारा असा लागत होता की भाचीचे दात वाजायला लागले, तशी तिनं काही न विचारता स्वतःचा स्कार्फ सोडला, भाचीच्या कानांवरून गुंडाळला आणि मागं गाठ मारून दिली. "थंडी कानातूनच शिरते बाळा," एवढंच म्हणाली आणि परत समोर पाहायला लागली.

पुढचे चार तास त्या पोरीनं जे काम केलं ते मी अजून विसरले नाही. ऐनाच्या झाडाशी गाडी थांबवून साल दाखवली, मगरीच्या पाठीसारखी, आणि या झाडाच्या पोटात पाणी साठून असते हे सांगितलं. रस्त्याच्या कडेचे गोंड राजांच्या काळचे दगडी खांब दाखवले. एका वळणावर ड्रायव्हरभाऊला हात करून गाडी बंद करायला लावली आणि खाली वाकून धुळीत बोट दाखवलं, टायरचा माग होता आणि त्या मागाच्या वर पंजा उमटलेला. "पाहा, पाय टायरच्या वरून पडला आहे. म्हणजे आपल्या पुढची गाडी गेली, त्याच्यानंतर वाघीण गेली." मग सांबराचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागली की ते ओरडते तो आवाज, आला तसे आम्ही पाणवठ्याजवळ चाळीस मिनिटं श्वास धरून बसलो. चितळ उगाच बी ओरडते, सांबर सहसा खोटं बोलत नाही, असं ती कानात सांगितल्यासारखं म्हणाली.

वाघ दिसला नाही.

गेटवर आलो तर बाजूच्या जिप्सीत नुसता जल्लोष चालला होता, त्यांना वाघीण रस्ता ओलांडताना दिसली होती, अगदी समोरून. त्या गाडीतल्या काकांनी गाईडला मिठी मारली आणि पाचशेच्या नोटा मोजून गाईड आणि ड्रायव्हर दोघांच्या हातात कोंबल्या. आमच्या भाऊजींनी पण पाकीट काढलं होतं. त्यांनी तिकडे पाहिलं, मग आमच्या गाईडकडे पाहिलं आणि पाकीट परत खिशात ठेवलं. "नेक्स्ट टाइम," म्हणाले, हसूनच म्हणाले, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मी आजही सांगीन. पोरीनं भाचीच्या डोक्यावरची गाठ सोडली, स्कार्फ दोनदा झटकून धूळ काढली, चार घड्या केल्या. मग आमच्या सीटखालची रिकामी बाटली आणि चिप्सचं पाकीट उचललं आणि म्हणाली, "परत याल जी. नशिबात असन तं दिसन."

मीही काही दिलं नाही. खर्च सगळा भाऊजी करत होते, आपण मध्येच हात घातला तर त्यांना कसं वाटेल, असा काहीतरी विचार तेव्हा डोक्यात होता. गाडी चिमूरच्या पुढे येईपर्यंत मला स्वतःचाच इतका राग आला होता की बोलवेना, कारण बाकी कोणाला नाही तरी मला हे कळायला पाहिजे होतं. मी पोस्टमनची मुलगी आहे.

बाबांची बीट, म्हणजे टपाल वाटायचा भाग, नागपूरच्या महाल वस्तीत होती. त्या अरुंद गल्ल्यांतून त्यांनी आयुष्यभर सायकल चालवली, तीही खाकी कपड्यांत. आमच्याकडे दिवाळीला गड्या-माणसांना, गायकीला म्हणजे गुराख्याला, घरी काम करणाऱ्यांना जे देतात त्याला बोजारा म्हणतात, पुण्या-मुंबईकडे त्याला दिवाळीची पोस्त म्हणायचे. बलिप्रतिपदेला गावाकडे गायगोधन झालं की गायकी दारोदार येतो, वर्षभर आपली गाय ज्यानं रानात नेली-आणली त्याच्या ओंजळीत धान्य, पैसे, फराळ पडतो, तो बोजारा. शहरात तो पोस्टमन, पेपरवाला, गुरखा, झाडूवाली मावशी यांच्याकडे आला. दिवाळीच्या चार दिवसांत बाबांच्या शर्टाचा वरचा खिसा फुगलेला असायचा, दोनच्या, पाचच्या, कधी दहाच्या चुरगळलेल्या नोटा, आई त्या एकेक करून गुडघ्यावर सरळ करायची आणि पाटाखाली दाबून ठेवायची. आमचे फटाके, माझा फ्रॉक त्यातूनच यायचा. पिशवीत दहा घरचा चिवडा एकत्र झालेला असायचा, आणि त्याची चव मला कोणत्याच एका घरच्या चिवड्याला पुढे कधी मिळाली नाही.

एकदा मी त्यांच्यासोबत सायकलवर पुढच्या दांड्यावर बसून गेले होते. एका वाड्यात बाईंनी बाबांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, ताटलीत करंजी आणि वर नोट ठेवून दिली, म्हणाल्या, तुम्ही होता म्हणून पोराची पत्रं हातात पडली. पुढच्याच घरी वीस मिनिटं दाराबाहेर उभं ठेवलं आणि मग गॅलरीतून नोट खाली टाकली. नोट त्या दुसऱ्या घराची मोठी होती. बाबांनी ती उचलली, खिशात घातली, सायकल काढली, आणि पूर्ण गल्ली संपेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. कसं दिलं हे माणसाच्या अंगावर किती वेळ राहतं ते मी त्या दांड्यावर बसून पाहिलंय.

आणि ते सगळ्यांकडून घ्यायचेही नाहीत. मनिऑर्डर दिली की लोक वरचे सुटे पैसे ठेवा म्हणायचे, बाबा ठेवायचे, पण ज्या म्हाताऱ्या बायका मुलाच्या मनिऑर्डरवरच महिना काढत त्यांचे नाही. घरात त्या वर्षी कोणी गेलं असेल तर त्या दारावरून दिवाळीत बोजारा न मागता पुढे जायचे. हे त्यांना कोणत्या नियमात लिहून दिलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी हे सगळं बोलले नाही, पण ताईनं स्वतःच विषय काढला. तिलाही ते टोचलं होतं. म्हणाली, तिकडे मी तोंड वाकडं करून प्लेट आपटणाऱ्या वेटरला पण वीस टक्के देते, न देऊन सांगते कुणाला, आणि इथे त्या पोरीनं आपल्या लेकराचे कान झाकले तर आपण काहीच नाही दिलं. अमेरिकेत टिप ही खुशीची गोष्टच उरलेली नाही, ती पगाराचा भाग आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात, हा आकडा १९९१ पासून हललेला नाही, आणि साधं किमान वेतन ७.२५ डॉलर आहे ते २००९ पासून. मधली दरी गिऱ्हाइकानं भरायची, न भरल्यास मालकानं भरायची असं कायदा म्हणतो. तिकडून जपानला गेलं तर टिप दिली की माणूस गोंधळतो, पैसे विसरले म्हणून मागे धावत येतो. म्हणजे प्रत्येक ठिकाणाची आपली रीत आहे. आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे बोजारा होता, बिदागी होती, दक्षिणा होती, बक्षीस होतं, प्रत्येकाला वेगळा शब्द, कारण प्रत्येक ठिकाणचं नातं वेगळं. आता सगळ्याला एकच शब्द झाला, टिप, आणि ती कशाची द्यायची हेच आपण विसरून राहिलो.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की टिप कामाची असते, वाघाची नाही. वाघ गाईडच्या पगारी नाही. तो कुठून निघेल हे त्या पोरीच्या हातात नव्हतं, तिच्या हातात होतं ते तिनं सगळं केलं, पहाटे थंडीत उठून आली, माग काढला, चाळीस मिनिटं आम्हाला गप्प बसवलं, लेकराचे कान झाकले. बाजूच्या जिप्सीतल्या गाईडनं कदाचित याच्या निम्मंही केलं नसेल, वाघीण समोर येऊन उभी राहिली एवढंच. आणि पैसा सगळा तिकडे गेला.

नंतर मी एका ओळखीच्या जिप्सीवाल्या भाऊला विचारलं तर तो सरळ म्हणाला, "वाघ दिसला तं सगळेच देते जी. नाही दिसला तं असे पायते जसा आम्हीच लपवून ठेवला." त्याच्या या वाक्यानं मला भीती वाटली, कारण याचा पुढचा भाग आपण सगळ्यांनी व्हिडिओत पाहिला आहे. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-कऱ्हांडल्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे मध्ये आणि दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या जिप्सी, त्या लेकुरवाळीला निघायला वाट नाही. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर आणि गाईड निलंबित झाले. चूक होतीच, मला ती झाकायची नाही, गाडी मागे घेणं त्यांच्याच हातात होतं. पण मागच्या सीटवरून "अजून जवळ, अजून जवळ" म्हणणारे आवाज कुणाचे असतात हे जंगलात जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि जवळ नेलं तर गेटवर काय मिळेल आणि नाही नेलं तर काय मिळणार नाही हा हिशोबही त्या ड्रायव्हरच्या डोक्यात आपणच घालून ठेवलाय. जो गाईड वाघिणीपासून गाडी लांब ठेवतो, जो म्हणतो की पिल्लं आहेत, आपण थांबू नये, त्याला टिप देणारा पर्यटक मी फार कमी पाहिला. खरं तर पहिली टिप त्याची.

शहरातही तेच आहे, फक्त वाघ नाही. मध्यंतरी मुलाच्या वाढदिवसाला एका चांगल्या हॉटेलात गेलो, बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला. मी वेटरला हळूच विचारलं, दादा, हे तुम्हाला मिळते का? तो आधी काउंटरकडे पाहून राहिला, मग मान हलवली, नाही. ग्राहकांना हे माहीत असलं पाहिजे म्हणून लिहिते, असा चार्ज आपोआप बिलात टाकता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तशा सूचना काढल्या होत्या, त्यावर हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं त्या सूचना कायम ठेवल्या. द्यायचं की नाही ते गिऱ्हाइकानं ठरवायचं. मी तो चार्ज काढायला लावला, मॅनेजरनं थोडी कुरकुर करून काढला, आणि तेवढेच पैसे मी त्या दादाच्या हातात दिले. भांडण झालं म्हणून मुलगा ओशाळला होता. त्याला वाटलं आई पैसे वाचवून राहिली. हातात दिलेले पाहिले तेव्हा गप्प झाला.

मागून घेतलेलं मात्र मला अजूनही सोसत नाही. आईचं ऑपरेशन झालं तेव्हाचं सांगते. स्ट्रेचर लिफ्टच्या दारात आणून उभं केलं, आई अर्धवट शुद्धीत, आणि ढकलणारा माणूस हात काढून बाजूला झाला, "मॅडम, खुशी द्या." मी शंभर दिले. "एवढ्यात काय होते?" मी अजून शंभर दिले. लिफ्टचं दार दोनदा बंद होऊन उघडलं तोपर्यंत. त्या माणसाचा पगार काय असेल, कंत्राटी असेल, महिने महिने थकत असेल, हे सगळं मी नंतर स्वतःला समजावून पाहिलं आणि ते खरंही असेल, पण ज्याचं माणूस आडवं पडलंय त्याच्याकडून काम अडवून घेतलेल्या पैशाला खुशी म्हणू नये. त्याच वॉर्डात रात्रपाळीची एक मावशी होती, आईची चादर बदलायची, पाय पुसून द्यायची, वेणी घालून द्यायची. तिनं अकरा दिवसांत एकदाही काही मागितलं नाही. डिस्चार्जच्या दिवशी तिची ड्युटी नव्हती. मी दोन दिवसांनी रात्री परत गेले, ती भेटली, तिच्या हातात पाकीट दिलं, तर तिनं ते न पाहताच कमरेला खोचलं आणि विचारलं, "आईचं टाक्याचं पाणी थांबलं का?"

आता नोटाही राहिल्या नाहीत खिशात, ही एक नवीन अडचण. तर्री पोह्याच्या ठेल्यापासून ऑटोपर्यंत सगळं स्कॅन, चाळीसचे चाळीसच जातात, वर काही सोडायची सोयच नाही, पूर्वी सुटे दहा रुपये आपसूक राहून जायचे. डिलिव्हरीच्या अॅपवर तर ऑर्डर देतानाच वीस-तीस-पन्नासचं बटन येतं, पोरगा अजून निघालेला नाही, मे महिन्यात सत्तेचाळीस डिग्रीत तो कसा येईल ते आपण पाहिलेलं नाही आणि आपण आधीच टिप ठरवून बसतो. मी ते बटन दाबत नाही, दारात आला की थंड पाणी देते आणि हातात देते. त्यासाठी दहा-वीस-पन्नासच्या नोटा दाराजवळच्या स्टीलच्या डब्यात ठेवून असते. जंगलात जाताना तर नोटा लागतातच, ताडोबाच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या मुख्य जंगलात, मोबाईल न्यायला बंदी आहे, गेटवर उतरल्यावर स्कॅन करू म्हणेपर्यंत गाईड पुढच्या पाळीला निघून गेलेला असतो. मी माझ्यापुरतं असं ठरवून टाकलंय की सफारी सुरू व्हायच्या आधीच दोन पाकिटं करायची, एक गाईडचं, एक ड्रायव्हरचं, प्रत्येकी तीनशे, वाघ दिसो न दिसो. आत काय होणार आहे हे माहीत नसताना पाकीट बंद करायचं. रिसॉर्टला राहिलो तर रिसेप्शनवरच्या पेटीत वेगळे टाकायचे, कारण भाकरी थापणारी बाई आपल्याला दिसत नाही. रक्कम कोणाला कमी वाटेल कोणाला जास्त, ज्याची जशी ऐपत. काही लोक म्हणतात बाहेरचे येऊन भाव वाढवून जातात, मग लोकल माणसाला पण तेच मागतात. असेल. पण गाईडची फी पावतीवर ठरलेली असते, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतं, तेव्हा त्या फीची पावतीही फाटत नाही.

एप्रिलच्या शेवटी मी परत गेले, या वेळी मैत्रिणींसोबत. गाईड नंबरानं मिळतो, आपल्याला निवडता येत नाही, त्यामुळे आमच्या गाडीत दुसराच होता. पण सकाळची सफारी संपवून गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर आलो तर ती तिथे बाकावर बसलेली दिसली, तोच जांभळा स्कार्फ, आता उन्हासाठी डोक्याला बांधलेला. मी जाऊन ओळख दिली. तिला आम्ही आठवत नव्हतो, भाची आठवली. "ते कानवाली लहान पोरगी?"

मी पर्समधून पाकीट काढलं. म्हटलं, तेव्हाचं राहिलं होतं. तिनं पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.

"आज तं मी तुमच्या गाडीत नव्हती ना जी."

मी म्हटलं, आजचं नाही, फेब्रुवारीचं आहे. तिनं मान हलवली. ते गेलं, म्हणाली, आणि अगदी सहज म्हणाली, रुसवा काही नव्हता त्यात. मी पाकीट हातात धरून उभी राहिले. मला एकदम बाबांची सायकल आठवली, काही दारांवरून न थांबता पुढे जाणारी.

"चहा पाजा," तीच म्हणाली.

मग आम्ही बाकावर बसलो. दोन कट चहा. तिनं सांगितलं, गेट बंद झालं की ती घरच्या रोवणीला जाते, धान लावून होईस्तोवर दुसरं काही नाही, मग ऑक्टोबरात परत नंबर लागतो. तिच्या गावात आता चार पोरी गाईड आहेत. लहान बहीण बारावीला आहे, तिला पक्षी माझ्याहून जास्त ओळखता येतात, नुसता आवाज ऐकूनच ओळखते ती, असं कौतुकानं सांगत होती. मी विचारलं, आज दिसला का वाघ? "नाही," ती म्हणाली, "पण रानकुत्रे दिसले, सात. लई मस्त खेळून राहिले होते."

तेवढ्यात दुपारच्या पाळीचा नंबर पुकारला. तिनं राहिलेला चहा एका घोटात संपवला, ग्लास स्वतःच टपरीच्या बादलीत बुडवून ठेवला, स्कार्फची गाठ घट्ट केली आणि एका जिप्सीकडे चालायला लागली, त्यात पुण्याकडचे वाटणारे सहा जण आधीच उभे राहून विचारत होते, काय हो, चान्स आहे ना आज?